इंग्रजीच्या विद्यार्थ्यासाठी शिष्यवृत्ती : शास्त्रदानाची दुर्लक्षित वाट



आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान या चतुर्विध दानांत शास्त्रदानाचे फळ सर्वांत उशिरा दिसते. अन्नाने भूक त्याच दिवशी भागते, औषधाने व्याधी काही दिवसांत हटते. विद्येसाठी दिलेला रुपया मात्र कोठे आणि कोणत्या रूपाने उगवेल, हे दात्यालाही सांगता येत नाही. म्हणूनच शिष्यवृत्ती देताना समाजाचा हात ज्या शिक्षणाचे फळ लवकर मोजता येते, तिकडेच वळतो. वैद्यकी, अभियांत्रिकी आणि सनदी लेखापालाचे शिक्षण यांसाठी दाते पुढे येतात. इंग्रजी हा मुख्य विषय घेऊन बी. ए., एम. ए. करणाऱ्याचा अर्ज मात्र मागे राहतो. भाषा आणि साहित्य शिकून पुढे काय, हा प्रश्न त्याला घरीही ऐकावा लागतो आणि शिष्यवृत्ती समितीपुढेही.

या प्रश्नाचे एक उत्तर जैन समाजातीलच एका थोर दात्याच्या चरित्रात सापडते. सुरतेहून मुंबईत आलेले शेठ प्रेमचंद रायचंद यांनी अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या व्यापारात आणि शेअर बाजारात अफाट संपत्ती मिळविली. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी त्यांनी मोठ्या देणग्या दिल्या. तो मनोरा त्यांच्या मातोश्री राजाबाई यांच्या नावाने आजही उभा आहे. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि शेठजींचे वैभवही ओसरले. परंतु १८६६ मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या दोन लाख रुपयांतून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती उभी राहिली. संपत्ती गेली, दान राहिले.

ही शिष्यवृत्ती १८९७ मध्ये जदुनाथ सरकार या बंगाली तरुणाला मिळाली. जदुनाथ हे इंग्रजी विषयाचे विद्यार्थी. १८९२ मध्ये ते इंग्रजी घेऊन एम. ए. झाले आणि पुढे इंग्रजीचेच अध्यापक झाले. या शिष्यवृत्तीसाठी केलेल्या अभ्यासातून औरंगजेबाच्या काळातील हिंदुस्थानावरचा त्यांचा ग्रंथ १९०१ मध्ये सिद्ध झाला आणि इंग्रजीचा अध्यापक इतिहासकार झाला. १९१९ मध्ये त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यांच्या काही मतांशी महाराष्ट्रातील अभ्यासकांचे तीव्र मतभेद झाले. पण त्या ग्रंथामुळे महाराजांचे चरित्र मराठी न जाणणाऱ्या दूरच्या वाचकांपर्यंत पोहोचले, हे कोणी नाकारीत नाही.

मुळशीच्या शेजारच्या मावळ तालुक्यात, कामशेत येथे, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई निवृत्तीनंतर राहत असत. जदुनाथ हे त्यांचे जिवलग स्नेही. या दोघांनी पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराच्या संपादनाचे मोठे काम पार पाडले. मुंबईतील जैन व्यापाऱ्याचे दान कलकत्त्याला गेले, इंग्रजीच्या विद्यार्थ्याला मिळाले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या रूपाने सह्याद्रीच्या पायथ्याशी परत आले. हा हिशेब कोणत्या चोपडीत मांडता आला असता?

मुळशीला दुसरेही एक उदाहरण जवळचे आहे. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाने ज्यांना सेनापती ही पदवी दिली, ते पांडुरंग महादेव बापट मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर अभियांत्रिकी शिकण्यासाठी १९०४ मध्ये एडिंबरोला गेले होते. ब्रिटिश राज्याविरुद्ध मतप्रदर्शन केल्यामुळे ती शिष्यवृत्ती बंद झाली. पुढे ते अभियंता झाले नाहीत. मुळशीच्या शेतकऱ्यांचे नेते झाले आणि श्री अरविंदांचा इंग्रजी ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. विद्यार्थ्याच्या विचारांवर अट घालणारी मदत मध्येच तुटते, निरपेक्ष मदत पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हा या दोन उदाहरणांचा बोध आहे.

आज मुळशी तालुक्यात हिंजवडीचे संगणक उद्योग आहेत, लवळे येथे नामांकित शिक्षणसंस्था आहेत. तरीही मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजी साहित्याची वाट अवघडच जाते. २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. परंतु केंद्राची गुणवत्ता-नि-उत्पन्न शिष्यवृत्ती व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांपुरतीच आखलेली होती. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पण तेथवर पोहोचण्यापूर्वीची एम. ए. ची दोन वर्षे कोणी सांभाळायची? शुल्क फार नसते. खोलीभाडे, पुस्तके आणि घरी न देता येणारी कमाई यांचा भार मोठा असतो. हुशार मुले येथेच शिक्षण सोडून मिळेल ती नोकरी धरतात.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळाने तीन गोष्टींचा विचार करावा. पहिली गोष्ट, एकदाच होणारा सत्कार, शाल आणि स्मृतिचिन्ह यांऐवजी एम. ए. ची दोन्ही वर्षे दरमहा मिळणारी शिष्यवृत्ती असावी आणि ती अक्षय निधीच्या व्याजातून द्यावी, म्हणजे मूळ रकमेला हात लागणार नाही. दुसरी गोष्ट, निवड केवळ गुणांवर न करता उमेदवाराने केलेला एखाद्या मराठी उताऱ्याचा इंग्रजी अनुवादही पाहावा. हर्मन याकोबी या जर्मन पंडिताने १८८४ मध्ये आचारांग आणि कल्पसूत्र इंग्रजीत नेले; वीरचंद राघवजी गांधी यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या धर्मपरिषदेत जैन दर्शन इंग्रजीतून मांडले. दोन भाषांत सारख्याच सहजतेने वावरणारी माणसे समाजाला आजही हवी आहेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, अर्जात जात, पंथ विचारू नये आणि अभ्यासाच्या विषयावर बंधन घालू नये. शेठ प्रेमचंदांनी ते घातले असते, तर जदुनाथांचा अर्ज दारातच परत गेला असता.

पन्नास वर्षे या संस्थेने श्रद्धेने दान केले. येणाऱ्या पन्नास वर्षांत त्यातील एक वाटा ज्याचे फळ डोळ्यांना लगेच दिसणार नाही अशा विद्येसाठी राखून ठेवण्याची सद्बुद्धी सर्वांना लाभो, हीच जिनचरणी प्रार्थना. जय जिनेंद्र!