शर्यतीच्या गाडीमागची माणसे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करण्याची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. हळदीकुंकवाला एखादे गाणे म्हणण्यापलीकडे मी आपल्यापुढे कधी उभी राहिले नाही. परंतु २०२३ च्या दिवाळीत फराळाच्या विक्रीतून उरलेले दहा हजार रुपये आपण माझ्या शब्दावर कॉलेजातल्या मुलांच्या शर्यतीच्या गाडीला दिले. त्या वेळी काही भगिनींनी विचारले होते, "गरजवंतांना द्यायचे सोडून ही कसली चैन?" प्रश्न रास्त होता. त्या पैशांचा हिशेब देणे माझे कर्तव्य आहे, म्हणूनच आज उभी आहे.

आधी ही शर्यत काय असते ते सांगते. मलाही पहिल्या वर्षी काही कळत नव्हते. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी स्वतः आखून, स्वतः बांधून, एका माणसाने बसायची उघडी छोटी गाडी तयार करायची आणि ती पळवून दाखवायची, अशी ही स्पर्धा. अमेरिकेत टेक्सासला १९८१ साली या नावारूपाने ती सुरू झाली. आपल्याकडे 'फॉर्म्युला भारत' ही स्पर्धा कोईमतूरला जानेवारीत भरते. तिथला करी मोटर स्पीडवे हा मार्ग २.१ किलोमीटरचा आहे. कोईमतूरच्या करिवर्धन नावाच्या गृहस्थांचे नाव त्याला दिले आहे. त्यांनी मारुती ८०० चे इंजिन बसवून स्वस्तातल्या शर्यतीच्या गाड्या बांधल्या, आणि त्यामुळे बेताच्या पैशांच्या मुलांनाही या खेळात शिरता आले. १९९५ साली विमान अपघातात ते गेले.

आमचा धाकटा या गाडीच्या नादी लागला आणि कॉलेजचे वर्कशॉप संध्याकाळी बंद होते म्हणून पोरांनी आमच्या घरामागची पत्र्याची शेड मागितली. यजमानांनी हो म्हटले. त्यांचा जन्म लेथवर गेलेला, त्यांना हौसच वाटली. जूनमध्ये कागदावर आखणी, गणपतीच्या सुमारास नळ्यांचा सांगाडा जोडणे, परीक्षा आटोपल्या की इंजिन बसवणे, असा त्यांचा हंगाम. इंजिन आपल्या चाकणला बनणाऱ्या के.टी.एम. मोटारसायकलचे, ३७३ सी.सी. चे. पण ते मोकळा श्वास घेऊ शकत नाही. नियमाप्रमाणे हवा आत जाण्याची वाट एके ठिकाणी फक्त २० मिलिमीटरची ठेवावी लागते, म्हणजे हल्लीच्या एक रुपयाच्या नाण्याएवढी. जास्त वेग कोणी काढू नये आणि अक्कल जास्त लावावी, हा हेतू.

माझ्याकडे दोन कामे आली. एक जेवणाचे. दुसरे बिलांचे. गाडीतल्या नटबोल्टपासून वॉशरपर्यंत प्रत्येक वस्तूची किंमत लिहून द्यावी लागते आणि तिला गुण असतात. पोरांची बिले खिशात धुतली जायची. मी तांदळाचा एक रिकामा डबा दिला आणि किराण्याच्या वहीप्रमाणे रोजचे रोज लिहून ठेवू लागले. आपल्या दहा हजारांची नोंद त्याच वहीत आहे: गाडी चालवणाऱ्यांच्या हेल्मेटला हातभार. वाटेल ते हेल्मेट तिथे चालत नाही, ठरलेल्या प्रतीचेच लागते. वही मी बरोबर आणली आहे, कोणीही पाहावी.

आता खरी गोष्ट. जानेवारी २०२४ मध्ये गाडी टेंपोतून पुढे गेली आणि मी पोरांबरोबर रेल्वेने कोईमतूरला गेले. तिथे आधी तीन दिवस तपासणीच तपासणी. गाडी साठ अंशांत कलती करतात. तेलापाण्याचा थेंब गळता कामा नये. ब्रेक दाबला की चारही चाके एकदम अडली पाहिजेत. आत बसलेल्याने पाच सेकंदांत सगळे पट्टे सोडून बाहेर यायला हवे. चालवणाऱ्या दोघांपैकी एक मुलगी होती. केस हेल्मेटच्या आत पूर्ण झाकलेले असावे लागतात, म्हणून तिच्या दोन घट्ट वेण्या घालून त्या मीच चापून बसवल्या.

शेवटच्या दिवशी बावीस किलोमीटरची लांब धाव. एकूण हजार गुणांपैकी सर्वांत मोठा वाटा तिचा. अर्ध्यावर गाडी थांबवून चालक बदलायचा आणि तापलेले इंजिन पुन्हा सुरू करायचे.

आदल्या रात्री पोरे दोनपर्यंत गाडीपाशी होती. पहाटे पाचला उठून शेवटची तपासणी करायची, असे ठरले होते. प्रत्येकाला आपापल्या ओळी वाटून दिलेल्या. नट आवळला की त्यावर आणि बोल्टवर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढतात. नट जरा सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते. आमच्यात एक लातूरचा मुलगा होता. दोन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पाचला धाकटा त्याला हलवायला गेला, तेव्हा मी त्याचा हात धरला आणि म्हटले, "झोपू दे रे, माणूस आहे का यंत्र? त्याचे तू बघ." धाकट्याने मान हलवली, पण त्याच्याही डोक्यात शंभर गोष्टी होत्या.

पहिल्या चालकाने आपली अकरा किलोमीटर नीट काढली. मुलगी बसली, इंजिन लागले, आम्ही कुंपणामागून टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या फेरीला गाडीच्या मागून पांढरी वाफ निघाली. नारिंगी ठिपक्याचा काळा झेंडा दाखवला गेला. त्याचा अर्थ, गाडीत बिघाड आहे, बाहेर या. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची नळी एका टोकाला निसटली होती. तिच्यावरची क्लिप आवळायची राहिली होती. सात महिन्यांचे काम तिथे संपले.

संध्याकाळी यादी काढली. 'पाण्याची नळी – क्लिप' या ओळीपुढचे घर कोरे. ओळ लातूरच्या मुलाची. तो उभा राहिला आणि सर्वांसमोर म्हणाला, "चूक माझी. मी उठलो नाही." धाकट्याने माझ्याकडे पाहिले. भगिनींनो, मी बोलले नाही. त्या पोरांत मला जो मान होता, तो जाईल अशी भीती वाटली. परक्याच्या पोराने माझी चूक आपल्या अंगावर घेतली आणि मी पोळ्या वाढत राहिले. आईच्या भीतीने आपला लेकही गप्प राहिला, हे मला त्याहून लागले.

रात्रभर गाडीच्या खडखडाटात मला झोप आली नाही. सोलापूर जवळ आले तेव्हा मी त्या मुलाला जवळ बसवून सगळे सांगितले, आणि मग बाकीच्या सर्वांना. कोणी रागावले नाही. रागावले असते तर बरे वाटले असते. तो एवढेच म्हणाला, "काकू, पुढच्या वर्षी उठवा. उठवून मग चहा द्या."

मी पुष्कळ विचार केला. आपण बायका एखाद्याच्या पाठीशी उभ्या राहतो म्हणजे काय करतो? खाऊ घालतो, पांघरूण घालतो. पण ज्याच्या पाठीशी उभे राहायचे, त्याचे काम काय आहे ते समजून घेत नाही. मी सात महिने त्या गाडीशेजारी वावरले. यादीतली एक ओळ राहिली तर काय होते, हे कधी विचारले नव्हते. विचारले असते तर त्या मुलाला रात्री दहालाच झोपवले असते आणि पाचला उठवले असते. त्यात मायाही राहिली असती आणि कामही झाले असते.

पुढच्या हंगामात मी शेडमध्ये रोज अर्धा तास बसून शिकले. नळी कुठली, क्लिप कुठली, कुठला नट कोणाकडे. झोपेच्या पाळ्या लावल्या आणि भिंतीवर चिकटवल्या. शेवटच्या तीन रात्री कोणीही सहा तासांपेक्षा कमी झोपायचे नाही, हा माझा नियम. यजमानांनाही तो लागू. तपासणीच्या यादीत मुलांनी माझ्यासाठी एक नवी ओळ घातली: 'सर्व उठले – काकू'. तिच्यापुढे मी सही करायची.

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही पुन्हा कोईमतूरला गेलो. पाच वाजता मी सर्वांना उठवले. लातूरच्या मुलाला सर्वांत आधी. त्या दिवशी तीच मुलगी दुसऱ्या पाळीत बसली आणि गाडी बावीस किलोमीटर पुरी करून आपल्या बळावर परत आली. बक्षीस मिळाले नाही. आमच्यापेक्षा वेगवान गाड्या पुष्कळ होत्या. पण गाडी थांबल्यावर लातूरचा मुलगा आधी त्या क्लिपपाशी वाकला, आणि पिवळी रेघ अखंड आहे हे त्याने मला बोलावून दाखवले.

तर दहा हजारांचा हिशेब असा. चषक आणता आला नाही. हेल्मेट आहे, ते यंदाच्या मुलांना दिले आहे. ती मुलगी आज चाकणला नोकरीस आहे. यंदाची मुले पुन्हा मदत मागणार आहेत. मंडळाने द्यावी की न द्यावी, हे आपण बहुमताने ठरवावे. गरजवंतांचा हक्क आधी, हे मलाही मान्य आहे. माझी विनंती एवढीच, की पैसे दिले तर आपल्यातल्या दोघींनी दर शनिवारी शेडमध्ये यावे आणि काम समजून घ्यावे. नुसता डबा पाठवू नये.