कँटनचे बलुतेदार

बारामतीस मोरोपंतांच्या आयुष्याचीं अखेरचीं वर्षें चाललीं होतीं, त्या सुमारास चीनमधील कँटन बंदरांत एक चमत्कारिक व्यापार भरास आला होता. चहा व रेशीम नेण्यास येणाऱ्या युरोपीय व्यापाऱ्यांना शहराच्या तटाआंत प्रवेश नसे. नदीकांठच्या वखारींत राहून त्यांनीं देश पाहावा तरी कसा? ही अडचण तेथील चिताऱ्यांनीं ओळखली. न्हावी, चांभार, कुंभार अशा एकेका धंदेवाल्याचें चित्र काढून ते त्यांचे संच विकूं लागले. एकच खर्डा पुनःपुन्हां गिरविला जाई. म्हणून एकच न्हावी निरनिराळ्या संग्रहांत भेटतो! पू क्वा या चिताऱ्याच्या नांवावरील साठ चित्रें मेजर मेसन यानें १८०० सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध केलीं.

त्याच काळीं पुण्यांत इंग्रज वकील मॅलेट याच्यासाठीं गंगाराम तांबट चित्रें काढीत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंडा, कसरत करणारे मल्ल, वेरूळचीं लेणीं त्यानें कागदावर उतरविलीं. त्यांपैकीं कित्येक चित्रें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. तांबट हें नांवच मुळीं धंद्याचें!

कँटनच्या चित्रांतील सामान मोठें बिनचूक असतें. तेथील फिरता न्हावी खांद्यावर कावड घेई. एका टोकास पाण्याची शेगडी, दुसऱ्यास बसावयाची चौकी. पण त्याच्यामागें बहुधा कोरा कागद. गल्ली नाहीं, घर नाहीं.

इंदापूरकडच्या सुताराचें असें चित्र कोणी काढिलें असतें, तर वाकस आणि किंकरें नीट उतरलीं असतीं. परंतु सुतार म्हणजे केवळ वाकस नव्हे. कुणब्याचा नांगर त्यानें वर्षभर दुरुस्त ठेवावा, आणि ज्वारी निघाली म्हणजे खळ्यावर जाऊन आपल्या पेंढ्या घ्याव्या. थोरली, मधली, धाकटी अशी बलुतेदारांची कास असे, व तिच्याप्रमाणें कोणाला किती तें ठरे. हा व्यवहार गोडीचाच होता असें मात्र समजूं नये; ज्यांना वेशीबाहेर राहावें लागे, त्यांना काम नाकारण्याची सोय नव्हती.

शिवाय इंदापूरकडे पाऊस बेभरवशाचा. पीक बुडालें कीं बलुतेंहि बुडे. प्रिंगलच्या पाहणीनें बसविलेला सारा रयतेस झेपेना व शेतें ओसाड पडलीं. १८३६ सालीं गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं तेथें नवी जमाबंदी तीस वर्षांसाठीं सुरू करून दर उतरविले, तेव्हां पडीक जमीन पुन्हां नांगराखालीं येऊं लागली, आणि सुताराच्या वाकसालाहि काम लागलें.