१४२ सामने, दोन गोल



'कोणत्याही विषयावर पाच मिनिटं बोल, फक्त कॉम्प्युटरवर नको,' अशी संयोजकांची अट होती. म्हणून मी फुटबॉलवर बोलणार आहे. मागच्या बाकांवरून हसू ऐकू येतंय, पण ऐकून घ्या.

लिलियां थुराम हा फ्रान्सचा बचावपटू. देशासाठी १४२ सामने खेळला. हा फ्रान्सचा विक्रम होता आणि तो मोडायला २०२२ साल उजाडावं लागलं. या १४२ सामन्यांत त्याचे गोल किती? दोन. तेही एकाच रात्री.

८ जुलै १९९८, विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर क्रोएशिया. मध्यंतरानंतर लगेच शुकरने गोल केला, आणि त्यात चूक थुरामची होती. बाकीचे बचावपटू पुढे सरकले, हा मागेच राहिला, त्यामुळे शुकर ऑफसाइड ठरला नाही. पुढच्याच मिनिटाला थुरामने बोबानच्या पायातून चेंडू काढला, जॉर्काएफकडे दिला, परत घेतला आणि बरोबरी साधली. सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास डाव्या पायाने दुसरा. खरं तर तो उजव्या पायाचा खेळाडू. गोल झाल्यावर तो गुडघ्यावर बसला आणि ओठांवर बोट ठेवून, गणित अडल्यासारखा विचार करत राहिला. फ्रान्स २-१ ने जिंकला, आणि चार दिवसांनी ब्राझीलला ३-० ने हरवून जगज्जेता झाला.

पण मला तो आवडतो तो उरलेल्या १४१ सामन्यांसाठी. बचावपटूचं काम चोख झालं की दाखवायला काहीच उरत नाही. आमच्या कामातही ज्या रात्री सर्व्हर बंद पडत नाही, त्या रात्रीचं कौतुक कुणी करत नाही. (कॉम्प्युटर आलाच शेवटी, माफ करा.) पार्मा, युव्हेंटस, बार्सिलोना असं बारा वर्षं तो हेच काम करत राहिला. २००८ मध्ये वैद्यकीय तपासणीत हृदयात जन्मजात दोष सापडला आणि छत्तिसाव्या वर्षी त्याने खेळणं थांबवलं.

त्याच वर्षी त्याने शिक्षणातून वर्णद्वेषाशी लढणारी संस्था काढली. तो शाळाशाळांत जाऊन मुलांशी बोलतो. २०११ मध्ये पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयात एक प्रदर्शन झालं, त्याच्या मांडणीतही तो होता. युरोपात एके काळी वसाहतींतली माणसं पिंजऱ्यातल्या प्राण्यांसारखी तिकीट लावून दाखवली जात, त्याचा तो इतिहास होता.

हे सगळं कुठून आलं, तर एका वर्गातून. थुरामचा जन्म कॅरेबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावरचा. आई घरकाम, साफसफाई करून एकटीने पाच मुलं वाढवत होती. नऊ वर्षांचा असताना तो पॅरिसजवळ राहायला आला. तेव्हा टीव्हीवर दोन गायींचं कार्टून लागायचं. त्यातली काळी गाय मूर्ख, गोरी गाय शहाणी. वर्गातल्या मुलांनी त्याला त्या काळ्या गाईचं नाव ठेवलं. त्याने घरी येऊन आईला विचारलं, असं का? आई म्हणाली, लोक असेच असतात, हे बदलायचं नाही. ते उत्तर त्याला पटलं नाही. आपण काळे आहोत हे आपल्याला नवव्या वर्षी कळलं, असं तो सांगतो. ग्वादलूपमध्ये तो नुसता लिलियां होता.

त्या मुलांना तो वाईट म्हणत नाही, हे मला विशेष वाटतं. त्यांनी ते कुठेतरी ऐकलं होतं, कार्टूनमध्ये पाहिलं होतं, एवढंच तो म्हणतो.

आपला वर्गही नावं ठेवण्यात हुशार होता. चष्मिस, ढोल्या, बांबू. मला सातवीपासून 'डांबर' म्हणत. इतकी वर्षं झाली, पण ग्रूपवर अजूनही रोज सकाळी एक-दोघं 'गुड मॉर्निंग डांबर' टाकतात. प्रेमाने टाकतात, मला ठाऊक आहे. मीही हसरा चेहरा पाठवते. पण परवा माझ्या मुलीने तो मेसेज वाचला आणि विचारलं, 'आई, हे तुला का म्हणतात?' थुरामच्या आईचं उत्तर मला तिला द्यायचं नव्हतं.

माझं खरं नाव हजेरीपटात आहे, बाईंना आजही पाठ आहे. आज जेवायला बसण्यापूर्वी फोनमध्ये तेवढं बदलून घ्या.