मुलांना पन्हाळ्याच्या वाटेवर पाठवा
(वार्षिक स्नेहसंमेलनातील गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज गौरविल्या गेलेल्या विद्यार्थ्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु आपली सर्व पारितोषिके केवळ गुणपत्रिका पाहून दिली जातात, याकडे लक्ष वेधणे मला कर्तव्य वाटते. ज्या राजर्षी शाहू छत्रपतींनी या करवीर नगरीत निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांस आश्रय दिला, त्यांनीच १९१२ साली खासबाग मैदानही उभे केले. विद्या आणि शरीरबल ही दोन्ही त्यांना सारखीच प्रिय होती.

आपल्या दाराशीच एक मोठी शाळा आहे. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, त्याच वाटेने दर पावसाळ्यात कोल्हापुरातील संस्था पन्हाळा ते पावनखिंड अशी सुमारे ५० किलोमीटरांची पदयात्रा काढतात. मसाई पठारावरचे धुके, करपेवाडीकडचा चिखल आणि वाटेतले ओढे दिवसाउजेडी ओलांडतानाही पाय थकतात. मग तीच वाट रात्री, शत्रू पाठीवर असताना तुडविणारी माणसे कशी असतील, हे मुलाला निराळे शिकवावे लागत नाही. शिवा काशीद, बाजीप्रभू आणि बांदल ही नावे त्याच्या मनात कायमची रुजतात.

आपले ओझे आपण वाहावे, मागे राहिलेल्यासाठी थांबावे, मिळेल ती भाकरी वाटून खावी, हे गुण कोणत्या प्रश्नपत्रिकेत तपासले जातात? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षण सुचविले आहे.

माता-पित्यांची काळजी रास्त आहे. तिचे उत्तर मुलांना घरी बसविणे हे नव्हे, तर चोख व्यवस्था ठेवणे हे होय. निघण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी व्हावी, वाटेची माहिती असलेला गावकरी बरोबर असावा, ओढ्याला पूर असेल तर माघारी फिरण्याचा मोकळेपणा असावा.

माझी सूचना एवढीच, की पारितोषिक निधीतील काही भाग दरवर्षी या पदयात्रेसाठी राखून ठेवावा. मुलींना मुलांइतकीच संधी द्यावी आणि इतर समाजांच्या मुलांनाही आग्रहाने बरोबर न्यावे. चिखलात घसरणाऱ्याला हात देताना कोणी जात विचारीत नाही. हा धडा आपल्या मुलांनी लहानपणीच गिरवावा, असे मला वाटते.

कार्यकारी मंडळाने या सूचनेचा अवश्य विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.