हळद आपली, पण लिहिलंय कुठं?

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेले मार्गदर्शन)



बचत-कर्जाचा हिशेब झाला, आता थोडं हळदीवर बोलू.

विळा लागला की आपण हळद दाबतो. यात नवीन काय, असं तुम्ही म्हणाल. पण 1995 साली अमेरिकेत दोन शास्त्रज्ञांना जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे 'हा शोध माझा, मला विचारल्याशिवाय कुणी यावर धंदा करायचा नाही' असा सरकारी कागद. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर हे सीएसआयआर या आपल्या देशाच्या संशोधन संस्थेचे महासंचालक होते. संस्थेने 1996 मध्ये हरकत घेतली आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं.

कशामुळे रद्द झालं? 'आमच्या आज्या लावायच्या' एवढं सांगून भागलं नाही. संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवावे लागले. लिहिलेलं होतं, म्हणून हळद वाचली.

आता आपलं बघा. रानहळद, आंबेहळद, कचोरा ही सगळी आल्याच्याच कुळातली. रानहळद पावसात उगवते, पावसाळा सरला की पानं वाळतात आणि कंद तेवढा मातीत राहतो. वाळल्यावर ती जागा कुणाला सापडते? जुन्या बायांनाच. कुठला कंद कशाला चालतो, कुठला पोटात घ्यायचा नाही, हेही त्यांनाच ठाऊक. त्या गेल्या की ते ज्ञानही गेलं.

2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. लोक जैवविविधता नोंदवही करणं हे तिचंच काम. धंद्यासाठी कुणी आपल्या हद्दीतून वनस्पती नेत असेल, तर त्याच्याकडून शुल्क घेण्याचा अधिकारही समितीला आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने तर आपल्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा हक्क मानला आहे.

म्हणून एवढं करा. पुढच्या ग्रामसभेत विचारा, आमची नोंदवही कुठं आहे? तिच्यात रानहळद आहे का? समितीत बाया किती?

प्रत्येक गटाने एका जाणत्या आजीजवळ बसून एक पान लिहायचं. वनस्पतीचं नाव पावरी, भिली, मावची, आपण जे बोलतो त्यातच लिहा. कधी उगवते, काय वापरतो, कुणी सांगितलं, तेही लिहा. एखादं औषध घराण्याचं गुपित असेल, तर आजीला विचारल्याशिवाय कागदावर घेऊ नका. बाहेरचा कुणी वहीचे फोटो मागायला आला, तर आधी ग्रामसभेचा ठराव दाखव म्हणा.

आणखी दोन गोष्टी. कंद खणताना सगळा उपसू नका, थोडा मातीत ठेवा, नाहीतर पुढच्या पावसात उगवणार काय? आणि जखम खोल असेल तर हळद भरत बसू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

ज्या ताईंना लिहिता येत नाही, त्यांनी सांगायचं, शाळेत जाणाऱ्या लेकीने लिहायचं. खाली आजीचं नाव मात्र विसरू नका. पुढच्या बैठकीला कर्जाच्या वहीबरोबर ते पानही आणा. आपण सगळ्या मिळून वाचू.