गुण कुणाला, गुपित कुणाचं?

(जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



हल्ली महाविद्यालयं आपल्या संघटनांना विचारू लागली आहेत, 'आमच्या मुलामुलींना पोलीस ठाणं, कोर्ट, समुपदेशन केंद्र इथलं काम शिकवाल का?' २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर अशा प्रत्यक्ष कामाला श्रेयांक मिळतात. एका श्रेयांकाला साधारण ३० तास, म्हणजे चार श्रेयांकांना १२० तास. कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात तर बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे किमान १२ आठवडे असं काम करावंच लागतं. आपण काय उत्तर द्यायचं? मी म्हणते, हो म्हणायचं. पण अटी आपण घालायच्या.

हो का म्हणायचं? कारण शिकणारे-शिकवणारे वर्गाबाहेर आले तेव्हा बायकांचा फायदाच झाला आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरावर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिलं. त्यावर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं ते कायदा शिकवणाऱ्या उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी. त्यातून देशभर चळवळ पेटली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्ती बसू लागली. १९९० पासून त्याच संस्थेचा 'प्रयास' तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांबरोबर काम करतो आहे. अशा ठिकाणी कितीतरी विद्यार्थी तयार झाले.

आपल्या खानदेशात आणखी एक कारण आहे. बाई ठाण्यात जाऊन अहिराणीत सांगते, 'माले घरमाईन काढी दिन्हं.' कागदावर उतरतं, 'फिर्यादी घर सोडून माहेरी आली.' एवढ्या एका वाक्याने केस उलटते. चोपडा, यावल, शिरपूरच्या पावरा, भिल्ल बायांची तर याहून पंचाईत. फिर्याद वाचून दाखवणं आणि तिची प्रत फुकट देणं कायद्याने बंधनकारक आहे. पण वाचून दाखवली तरी ती समजायला नको का? घरात अहिराणी किंवा पावरी बोलणारी मुलगी शेजारी बसली, तर 'बाई, तुम्ही असं नव्हतं सांगितलं' एवढं तरी ती म्हणेल. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेही ती सांगेल. १९८७ च्या विधी सेवा कायद्यातला हा हक्क अजूनही कित्येक बायांपर्यंत पोचलेला नाही.

आता अटी का, ते सांगते. १९९४ चं जळगावचं प्रकरण आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्या विसरलेल्या नाहीत. छायाचित्रांची भीती घालून मुलींचं शोषण झालं आणि नाव फुटेल या धास्तीने कितीतरी जणी तक्रारीला पुढे आल्याच नाहीत. नाव म्हणजे काय, हे मला पुढे एका साध्या गोष्टीतून कळलं. आमच्याकडे एक विद्यार्थिनी आली होती. हुशार, मनापासून काम करणारी. तिच्या अहवालात एका बाईची हकिकत होती. नाव बदललेलं होतं, पण गाव लिहिलं होतं आणि नवरा पोस्टमन असल्याचंही लिहिलं होतं. गावात पोस्टमन एकच! अहवाल वर्गात वाचला गेला. आठवड्याभरात सासरी कळलं आणि बाईने आमच्याकडे येणंच बंद केलं. दोष मुलीचा नव्हता. काय लिहायचं नाही, हे आम्हीच तिला सांगितलं नव्हतं. लैंगिक अत्याचारात ओळख पटेल असा कोणताही मजकूर छापणं गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत ते कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात आहे. मारझोडीच्या प्रकरणातही आपण तोच नियम पाळायला हवा.

म्हणून माझ्या अटी अशा. बाईला आधी विचारायचं, 'ही मुलगी बसली तर चालेल का?' ती नाही म्हणाली, तर कारण विचारायचं नाही. विद्यार्थी त्याच गावचा, सासरच्या नात्यातला नाही ना, हे आधी पाहायचं. अहवालात गाव, जात, धंदा, तारीख नको. फिर्यादीची प्रत जोडायची नाही. विद्यार्थ्याने बाईला 'मिटवून घ्या' असा सल्ला द्यायचा नाही. ठाण्यात त्याला नुसतं झेरॉक्स काढायला बसवायचं नाही. मुलींचं एसटीचं भाडं महाविद्यालयाने द्यावं. आणि गुण देताना संघटनेचं मत घ्यावं. किती प्रकरणं पाहिली याला गुण नकोत, कशी वागली याला हवेत.

१२० तास भरले की विद्यार्थिनी परीक्षेला बसते. बाईला तेव्हा कोर्टाची पुढची तारीख पडलेली असते. तिला मध्येच सोडायचं नसेल, तर प्रत्येक विद्यार्थ्यामागे आपली एक कार्यकर्ती पहिल्या दिवसापासून हवी. तेवढ्या कार्यकर्त्या नसतील तर दहा विद्यार्थी घेऊ नका, दोनच घ्या. पण नवं सत्र सुरू व्हायच्या आत प्राचार्यांना भेटा आणि हे सगळं त्यांच्याकडून लेखी घ्या.