लोणारचे पाणी आणि सूक्ष्मजीवांची ओळख
(अध्यक्षीय भाषण)



जून 2020मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि तर्कवितर्कांना ऊत आला. कुणी शेवाळाचे नाव घेतले, कुणी पाणी आटून वाढलेल्या क्षारांचे. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले, तेव्हा एक साधीच गोष्ट बरेच काही सांगून गेली. नमुना हलवाहलव न करता ठेवला, की गुलाबी साका तळाशी बसे आणि वरचे पाणी नितळ होई. रंग पाण्याचा नव्हताच, त्यात वाढलेल्या जिवांचा होता. हे जीव म्हणजे हॅलोआर्किया. मिठाच्या पाण्यात ते फोफावतात आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करतात.

हाच नमुना 1970 साली तपासला असता, तर ‘जीवाणू’ अशी नोंद होऊन फाइल बंद झाली असती. फर्डिनांड कोन यांनी 1870च्या दशकात गोल, दंडाकृती, नागमोडी असे आकारावरून गट पाडले, आणि पुढची शंभर वर्षे आकार, रंग आणि आहार यांवरच बहुतेक भिस्त राहिली. 1977मध्ये इलिनॉय विद्यापीठातील कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतल्या रायबोसोमचा आरएनए ताडून पाहिला. मिथेन तयार करणारे काही ‘जीवाणू’ खऱ्या जीवाणूंपासून फार दूरच्या कुळातले निघाले. आर्किया हा स्वतंत्र गट तिथून पुढे आला. सूक्ष्मदर्शकाखाली जुळ्यासारखे दिसणारे दोन जीव वंशाने इतके परके असू शकतात, हे तोवर कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

म्हणून स्लाइड रंगवणे सोडायचे का? मुळीच नाही. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी 1884मध्ये बर्लिनला जीवाणू रंगवण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुफ्फुसातले जंतू नजरेस पडावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. आज तालुक्याच्या प्रयोगशाळेतही तिचेच सुधारित रूप चालते: आधी जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोलची धुलाई आणि शेवटी सॅफ्रनिन. जाड भित्तिकेचे जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात. पातळ भित्तिकेचे तो सोडतात आणि गुलाबी दिसतात. सारे काही मिनिटांत उरकते, आणि कोणते प्रतिजैविक सुरू करावे याचा पहिला अंदाज डॉक्टरांना मिळतो. धुलाई काही सेकंद लांबली, तर जांभळेही गुलाबी दिसतात. इथे तंत्रज्ञाचा सराव लागतो, आणि त्या सरावाचा मान राखला गेलाच पाहिजे.

जीव ओळखणाऱ्या यंत्राचीही मर्यादा आहे. कॅन्डिडा ऑरिस या यीस्टचे वर्णन 2009मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातील नमुन्यावरून झाले. फ्लुकोनाझोलला सहसा न जुमानणारे हे यीस्ट पुढे भारतासह अनेक देशांच्या अतिदक्षता विभागांत आढळले. पण रुग्णालयांतली नेहमीची यंत्रे त्याला कॅन्डिडा हेम्युलोनी म्हणत राहिली. जो जीव यंत्राच्या यादीतच नाही, त्याला ते जवळचे नाव देऊन मोकळे होते. रिपोर्ट छापील येतो, नाव ठसठशीत असते आणि शंका घ्यायला कुणाला सवड नसते.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. दक्षिण कोरियात जपून ठेवलेली जुनी कल्चर पुन्हा तपासली, तेव्हा 1996 सालच्या एका रुग्णाच्या रक्तातून मिळालेले यीस्ट कॅन्डिडा ऑरिसच निघाले. म्हणजे नामकरणाच्या तेरा वर्षे आधी ते रुग्णालयात हजर होते. ती कुपी फेकली असती, तर हा इतिहास कळलाच नसता.

नव्या जीवाणूचे नाव अधिकृत ठरायला त्याचे जिवंत कल्चर दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावे लागते, ते याचसाठी. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र यांचे मोठे संग्रह आहेत. रुग्णालयांत मात्र रिपोर्ट गेला, की प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये जाते. जागा, माणसे आणि वीज यांची चणचण खरी आहे आणि प्रत्येक प्लेट ठेवणे शक्यही नाही. पण ज्याचे नाव पटत नाही, जे औषधाला अनपेक्षित दाद देते किंवा देत नाही, असे कल्चर ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर ठेवावे. कुपीवर नमुन्याचा प्रकार, तारीख आणि गाव लिहावे. जिल्ह्यात तसा फ्रीजर नसेल, तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाने ती कुपी ठेवून घ्यावी, असा ठराव या परिषदेने आज संध्याकाळच्या सत्रात मांडावा.